मामींनी नाव घेतलं

मीठ या विषयावर आमच्या डॉक्टरांइतकं बोललेला माणूस अख्ख्या मद्रासेत झाला नसेल. तिथल्या तिरुवल्लिकेणी भागात माझ्या खोलीखालीच त्यांचं घर आणि दवाखाना होता. मूळचे तंजावरकडचे मराठी. रागावले की तमिळ बोलत, लाडात आले की मराठी. कुणी चक्कर येते म्हणो, कुणी थकवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मीठ खातोस की नाही?" उन्हाळ्यात तर पेशंटला आधी खारं ताक पाजत आणि मग जीभ बघत. एका वकिलांनी रक्तदाबापायी मीठ पार सोडलं आणि वर घागरीनं पाणी प्यायला लागले, तेव्हा भर दवाखान्यात त्यांना सुनावलं, "रसमात पाणी ओतत राहिलात तर रसम राहील काय वो? रक्ताचंही तेच. मेंदू फुगतो, माणूस बरळायला लागतो. तुम्ही कोर्टात बरळलात तर कुणाला कळायचंही नाही!"

त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे मामी म्हणायचो. उभ्या संसारात या बाईनं नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. एका मे महिन्यात त्यांच्या पायांवर सूज आली. हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी लघवीच्या गोळ्या दिल्या, मीठ तोडलं. उकाड्यानं मामी तांब्यामागून तांब्या पाणी पीत. आणि एका सकाळी स्वयंपाकघरातून खणखणीत हाक आली, "वेंकोबा, अरे इकडं ये!"

डॉक्टर हरखलेच. मला जिन्यात गाठून म्हणाले, "ऐकलंत? माझं नाव! आणि वर अरे!" दिवसभर येईल त्या पेशंटला हेच सांगत राहिले. मिठाचं विचारायचंही विसरले.

संध्याकाळी मामींना आकडी आली. हॉस्पिटलात रक्त तपासलं, तर सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, पार उतरलेलं. गोळ्या थांबल्या, पिण्याचं पाणी बेताचं झालं, शिरेतून मिठाचं तीव्र पाणी थेंबाथेंबानं सुरू झालं. आमचे डॉक्टर बाटलीवर डोळे लावून बसलेले. नर्सला एवढंच म्हणत, "घाई नको, अम्मा. सावकाश."

मामी शुद्धीवर आल्या, घरीही आल्या. डॉक्टर म्हणाले, "एकदा पुन्हा हाक मार की." "अय्यो, भलतंच काय!" म्हणत त्या लाजून आत गेल्या.

पुढं काही वर्षांनी मामी हृदयविकारानं गेल्या. त्यानंतर एकदा समुद्रावर फिरताना डॉक्टर मला म्हणाले, "गावाला विचारत फिरलो, घरात विचारलं नाही. ते नाव आजारानं घेतलं, तिनं नाही. हे निदान माझंच, आणि बरोबरच होतं."

चार पावलं पुढं जाऊन ते वळले.

"तेवढं एक चुकायला हवं होतं वो."