बेंबळीच्या वारुळावरची पांढरी अळिंबं

भिंग, ब्लेड, खुरपं, कागद, पाण्याची बाटली. पिशवी एकदा तपासून मी सोलापुरात एस.टी.त बसले. माझी वनस्पतिशास्त्राची जुनी विद्यार्थिनी सुमन बेंबळीला शिक्षिका आहे. तिचा निरोप होता : बाभळीच्या राईत बारीक पांढरी अळिंबं (भुईछत्र्या) उगवलीत, खाण्याजोगी आहेत का ते बाईंनी येऊन सांगावं. गेल्या वर्षी शेजारच्या वस्तीवर अळिंबं खाऊन एक बाई दगावली होती. आणि यंदाच्या दुष्काळात कुणाच्या घरात भाजी म्हणून काही उरलं नव्हतं.

उस्मानाबादला गाडी बदलली. दोन सरींनी पिकं काही उठली नव्हती. अळिंबांना मात्र तेवढं पुरलं होतं. बेंबळीत उतरले तेव्हा कंबर धरली होती.

राईच्या कडेला एक वारूळ होतं, गावातल्या गंगाकाकूंच्या बांधावर. भोवती करंगळीच्या नखाएवढ्या पांढऱ्या टोप्यांचा सडा. टोपीला मधोमध टोक, खाली गुलाबीसर पाती. वारुळावरची खायची जात अशीच दिसते. पण मुळाशी वाळवीनं रचलेला जाळीदार गोळा सापडला तरच खात्री. मी खुरपं काढलं.

"बाई, थांबा!" गंगाकाकू आडव्या आल्या. "आज पंचमी हाय. भुईला लोखंड लावत न्हाईत."

मी सुमनकडे पाहिलं. "आम्ही बौद्ध, आमच्यात पंचमी नाही," ती हळूच म्हणाली. "पण बांध काकूंचा आहे."

"उद्या उकरा की! वारूळ कुठं पळून जातंय?"

"वारूळ राहील, काकू. अळिंबं सडतील."

काकू हलल्या नाहीत. सुमनच्या आळीतल्या बाया सकाळीच खुडलेल्या अळिंबांच्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या. "सांगा की, खावं का न्हाय?"

"मुळाशी पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

"न्हाय म्हणायला इतक्या लांबनं आलाव व्हय!" एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या आणि टोपल्या उकिरड्यावर रित्या करून गेल्या. काकूंनी मला दिंडं (पुरण भरून उकडलेल्या कणकेच्या घड्या) वाढली. गूळ बेताचाच होता.

सकाळी काकूंनी स्वतःच खुरपं हातात दिलं. अळिंबांचा काळपट चिखल झाला होता. जरा उकरताच तो गोळा निघाला, पांढरे देठ चिकटलेला. खायचीच होती. मी आळीत जाऊन तसं सांगितलं.

"म्हंजी उकिरडा जेवला," कालचीच बाई म्हणाली. आज कुणी हसलं नाही.

परतीच्या गाडीत डोळे मिटले, पण झोप लागेना. पुन्हा तसाच प्रसंग आला तरी मी नाहीच म्हणेन, हे पक्कं आहे. पंचमीच्या संध्याकाळी त्या आळीत भाकरी कशाशी खाल्ली, ते विचारायचं मात्र धाडस झालं नाही.