मायसाठी घेतलेली कट्यार

शहाद्याला विळ्याला धार लावायला गेलो, तेव्हा एक जण दुकानात कट्यारी बघत होता. सातपुड्यात पूर्वी लोक कमरेला लावत, तशा जुन्या घाटाच्या नकला. हल्ली त्या भिंतीवर टांगायला नेतात. माणूस साठीचा असावा. एकेक कट्यार घ्यायचा, डोळे मिटायचा आणि मुठीवरून अंगठा फिरवायचा. पात्याकडे त्याने पाहिलंच नाही.

शिंगाची मूठ परवडेना, म्हणून त्याने लाकडाची घेतली. मी सहज विचारलं, तर खालच्या आवाजात म्हणाला, "मायले दिसत नही. आबानी कट्यार एकदाव हातमा दे म्हने. ती ते मी कवयच इकी टाकी. तिले माहीत नही." बापाची शिंगाच्या मुठीची ती कट्यार त्याने कधीच विकून टाकली होती.

पंधरा-वीस दिवसांनी नात्यातल्या एकाच्या दशक्रियेला प्रकाशाला गेलो होतो. तापीच्या घाटावर तो दिसला, मुंडण केलेला. त्याच्या आईचाही तिथेच दहावा होता. जवळ जाऊन बसलो. कट्यारीचं विचारायला जीभ रेटेना. तोच म्हणाला, "मायनी मूठ धरी. मंग मन्हा हात चाचपीसन मन्हाच हातमा परत दिधी. बोलनी काहीच नही."



"शिव्या देती ते बरं व्हतं," म्हणाला.