दिघेसाहेबांचे तळवे आणि उल्काताई

उल्काताई कर्णिक दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरमध्ये लेकीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. दर शनिवारी मेट्रोने नोएडाला, आमच्या वृद्धाश्रमात येतात. पिशवीत काशाची वाटी आणि साजूक तूप. वाटीनं आमचे तळवे घासत बसतात. तूप काळं होतं आणि म्हातारपण काही जात नाही, पण तासभर दुखणं गप्प बसतं. तेवढ्यासाठी मी शनिवारची वाट बघते.

फक्त दिघेसाहेब पाय देत नसत. केंद्र सरकारातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेले. तळव्यांची आग इतकी, की जेवायला खाली येणंही त्यांनी सोडलं. गोळ्या आणखी वाढवता येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. माणूस खोलीतच संपणार, अशी मला धास्ती होती.

अडचण काय, तर उल्काताईही सरकारी नोकरीतल्या, आणि त्यांच्याआधी निवृत्त झालेल्या. साहेबांनी पहिल्याच दिवशी ते विचारून घेतलं होतं.

"तुम्ही वयानं मोठ्या. तुमच्याकडून पायांना हात लावून घेऊ? बिल्कुल नाही! पाप लागेल."

"पाप मी घेते, पाय तुम्ही द्या," उल्काताई म्हणाल्या. तरी नाहीच.

शेवटी परवा साहेबांनी तोडगा काढला. आधी उल्काताईंना वाकून नमस्कार करायचा, मग पाय द्यायचे. वाकले आणि कंबर धरली! आम्ही दोघींनी कसंबसं सरळ करून त्यांना खुर्चीत बसवलं. मला हसू आवरेना, उल्काताई मात्र भडकल्या.

"अच्छा, असं आहे का? मग आधी तुम्ही माझे घासा. बसून! मेट्रोचे जिने चढून माझेही दुखतात."

त्यांनी सरळ स्टुलावर पाय ठेवला. साहेब गोंधळले, पण वाटी घेतली. टाचेवर जोर, बोटांकडे हलका. हात सराईत होता.

"कुठं शिकलात?" उल्काताईंनी विचारलं.

"बायकोचे, वीणाचे घासायचो. तिच्या शेवटच्या आजारात." वाटी फिरतच राहिली. "ती गेल्यापासून कोणाला हात लावलाच नव्हता."

उल्काताईंनी पाय काढून घेतला नाही. तूप संपलं तरी नाही. मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं. साहेबांच्या तळव्यांची पाळी त्या दिवशी आलीच नाही.

संध्याकाळी माझ्या दारावर टकटक झाली. साहेब भिंतीला धरून उभे होते.

"हेमांगीबाई, जेवायला खाली जातोय. जरा हात देता?"