शेंगतेलाने आखडलेले इंजिन आणि मुडशिंगीची परीक्षा

मित्रहो, आज फार थकलो आहे, तरी हे आपल्याला सांगायलाच हवे.

मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली माझी जुनी मोटारसायकल आज सकाळी सुरूच होईना. ढकलली तरी इंजिन अर्धा फेरा फिरून अडे. गडमुडशिंगीच्या शाळेत मला बारापर्यंत पोहोचायचे होते. संस्थानच्या दरबारी वसतिगृहासाठी तिथल्या चार मुलांची परीक्षा घ्यायची होती आणि निवडीची यादी उद्या सकाळीच द्यायची आहे.

मी क्रमाने तपासत गेलो. ठिणगी पडत होती, पेट्रोल येत होते, पट्टा मोकळा होता. जमलेल्या लोकांना प्रत्येक भागाचे कार्यही आनंदाने समजावले. अखेर दुपारी एकला शेजारचे दस्तगीर मिस्त्री आले आणि त्यांनी तेलाच्या टाकीत बोट बुडवून वास घेतला.

“मास्तर, तेल कुठलं घातलंय?”

“घाण्याचे शेंगतेल. वंगण ते वंगणच.”

“मग भजी तळा की त्यात.”

तापलेले तेल आठवडाभरात डिंकासारखे घट्ट झाले होते. मिस्त्रींनी रॉकेल ओतून दोन तास मुरू द्यायला सांगितले. तेवढा वेळ मी लोकांना वंगणाचे शास्त्र सांगत बसलो.

इंजिन सुटले. मुडशिंगीत पोहोचलो तेव्हा चार वाजले होते आणि शाळेला कुलूप होते. एका मुलाचे वडील पायरीवर बसले होते.

“पोरं वाट बघून गुरांकडं गेली, मास्तर. चालत निघाला असता तर दीड तासात आला असता की.”

उद्या सकाळी पायी निघतो आहे. यादी एक दिवस थांबवण्यासाठी कोणाला भेटावे, हे आपल्यापैकी कोणी सांगेल का?