गॅस टेंटच्या दारातले उस्ताद

माझी पहिली पोस्टिंग राजस्थानात, तोफखान्याच्या एका युनिटमध्ये. वाळू, तंबू, सकाळी सहाला पीटी. मी दिंडोरीचा. गुडघा गेला म्हणून मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं, ते सोडा. हे हवालदार दौलतरावांबद्दल आहे, आणि आपल्या द्राक्षवाल्यांनी वाचावं म्हणून लिहितोय, आत्ताच, एका दमात.

दौलतराव निफाडकडचे. विषारी वायूपासून कसं वाचायचं हे आम्हाला शिकवणं, हे त्यांचं काम. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. उस्ताद कधीही ओरडायचे, आम्ही जेवत असू, बूट पॉलिश करत असू, "गॅस! गॅस! गॅस!" की श्वास रोखायचा, डोळे मिटायचे, मास्क चढवायचा, पट्टे ओढायचे, मग जोरात फुंकर मारून आतली हवा बाहेर काढायची. एकाचा पट्टा ढिला राहिला तर सगळ्यांना रगडा.

"ए दिंडोरी, दाढी केली नाहीस, मास्क बसला नाही. मेलास तू. चल, ग्राउंडला चक्कर मार."

"मेलेला कसा पळणार, उस्ताद?"

"माझ्याकडं पळतो."

आणि हाच माणूस वार्षिक सुट्टी घ्यायचा ती द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतरची. आमच्याकडचे बरेच फौजी तेच करतात. लोकांना वाटतं दिवाळीला आलाय, पण तो फवारायला आलेला असतो. उस्ताद बनियनवर, तोंडाला टॉवेल गुंडाळून, ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून औषध ढवळायचे. तणनाशकही तसंच. परत आले की मोबाईलवर फोटो दाखवायचे, हे घड बघ, ही काडी बघ. एका फोटोत ते ड्रमपाशी. मी म्हटलं, "उस्ताद, मास्क?"

ते हसले. "अरे, ते काय युद्ध आहे का? शेती आहे."

दोन गोष्टी तेव्हाच दिसत होत्या. एक, उस्तादांना वास येत नव्हता. बराकीत मोज्यांचा वास मारायचा, आम्ही नाक धरायचो, हे तिथेच बसून चहा प्यायचे. आम्ही म्हणायचो उस्तादांचं नाक बुलेटप्रूफ आहे. दुसरी, ते कायम विश्राममध्ये उभे असायचे, हात पाठीमागे, डाव्या हाताने उजवा घट्ट धरलेला. आम्हाला वाटायचं, शिस्त.

मग तो गॅस टेंटचा दिवस. बंद तंबूत अश्रुधूर सोडतात, मास्क घालून आत जायचं, आत मास्क काढायचा, नाव-नंबर सांगायचा, बाहेर पडायचं. दरवेळचंच काम. बाहेर पडताना उस्ताद पुढे, मागे मी, माझ्यामागे अजून सहा जण. सगळ्यांचे मास्क काढलेले. डोळ्यांत आग, नाकातोंडातून पाणी. उस्तादांनी तंबूचं दार उचललं आणि थांबले.

"उस्ताद, चला!"

"चाललोय."

चालत नव्हते. वरचं अंग पुढे झुकलेलं, पाय जमिनीला खिळलेले. दार अरुंद, बाजूने जागा नाही. मागून धक्के. "निकलो यार! मर जाएँगे!" एक जण उलटी करत खाली बसला. मी पाठीत ढकललं तर ते पडायलाच लागले, म्हणून पट्टा धरून मागे ओढलं. काय करावं कळेना. तोंडात आलं ते ओरडलो, परेडसारखं.

"उस्ताद! तेज चल! बाएँ! दाएँ! बाएँ!"

'बाएँ'ला डावा पाय उचलला गेला. 'दाएँ'ला उजवा. आणि ते चालायला लागले, अगदी परेडवर चालतात तसे. मागोमाग आम्ही.

बाहेर साहेब. "क्या हुआ, हवालदार?"

"कुछ नहीं, सर. बूट अटक गया."

तिथे अडकण्यासारखं काहीच नव्हतं. नंतर ट्रकच्या आडोशाला बसले तेव्हा त्यांनी उजवा हात सोडला. अंगठा बोटावर फिरत होता, गोळी वळत असल्यासारखा, आपोआप. म्हणाले, "आमच्या बापाचा हात असाच हालायचा. आम्ही म्हणायचो, म्हातारा झाला."

साहेबांनी त्यांना मिलिटरी हॉस्पिटलला पाठवलं. पार्किन्सन्स. वय एक्केचाळीस.

मी घरी आलो तेव्हा तेही घरी आलेले होते. नाशिकला डॉक्टर मॅडमकडे मीच गाडीने न्यायचो. एकदा उस्तादांनी सरळ विचारलं, "मॅडम, हे औषधांनी झालं का बापाकडून आलं?"

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या एकट्याच्या बाबतीत बोट ठेवून नाही सांगता येत. वर्षानुवर्षं काही तणनाशकं, कीटकनाशकं अंगावर घेणाऱ्यांमध्ये हा आजार जास्त दिसतो. तुमच्या एका जीनमध्ये बदलही सापडलाय. पण तसा बदल असलेल्या पुष्कळांना आयुष्यभर काही होत नाही. बऱ्याचदा दोन्ही मिळून होतं." वास जातो तो हात हलायच्या कितीतरी वर्षं आधी, हेही त्यांनीच सांगितलं. आणि गोळ्यांनी हालचाल सुधारते, पण मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

"धाकटा भाऊ हाय मला."

"त्याच्यातही तो बदल असण्याची शक्यता निम्मी. फवारणी कोण करतं आता?"

उस्ताद उठलेच. गाडीत बसल्यावर म्हणाले, "दिंडोरी, रक्त नाय बदलता येत. मास्क घालता येतो. दुकानाकडं घे."

हवा गाळणारे दोन डबे लावलेला चांगला मास्क घेतला. आणि घरी सुरू झालं. धाकटा भाऊ, बाळू, जेवायला बसला की उस्ताद ओरडणार, "गॅस! गॅस! गॅस!" आवाज बसलेला, पुटपुटल्यासारखा. बाळू हसायचा.

"दादा, लय उकडतं त्याच्यात. अन् तू घातला व्हता का कधी? शेजारचा दत्तू बघ, आपल्या दोघांपेक्षा जास्त फवारलंय त्यानं, साठीचा झाला, अजून नारळावर चढतो. त्याला काय झालं?"

"दत्तू आपल्या बापाचा हाय का?"

बाळू ताट घेऊन उठला. मास्क ओसरीतल्या खिळ्याला.

उस्ताद उतरत गेले. उंबऱ्यात, अरुंद दारात पाय जागीच खिळायचे. मी उस्तादांच्या बायकोला, वहिनींना, शिकवलं. वहिनींना हिंदी धड येत नाही, पण 'बाएँ-दाएँ' एकदम कडक. त्या ओरडल्या की उस्ताद उंबरा ओलांडायचे.

ह्या हंगामात पाऊस पडून गेला, डावणीची, म्हणजे द्राक्षाची पानं-घड खाणाऱ्या बुरशीची भीती. उजाडताच बाळू ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर लावून बागेत. वहिनी गोठ्यात. उस्तादांना खिळ्यावर मास्क दिसला. तो घेऊन ते एकटेच निघाले. उंबरा कसा ओलांडला माहीत नाही. स्वतःच म्हणाले असतील, बाएँ, दाएँ. बागेपर्यंत पोचले. रांगेच्या तोंडाशी वेलींच्या मांडवाचे दोन लोखंडी अँगल, मधून जायला अरुंद वाट. दारासारखी. तिथे पाय थांबले असणार. पुढे पडले, कपाळ अँगलवर. ब्लोअरच्या आवाजात बाळूला काही ऐकू गेलं नाही. रांग संपवून वळला तेव्हा दिसले. मास्क हातातच होता.

तिरडी उचलली, घरातून बाहेर आणताना उंबऱ्याशी खांदेकरी क्षणभर थबकले. वहिनी ओरडल्या, "बाएँ! दाएँ!" आणि मग त्यांचा आवाज फुटला.

सावडून झालं त्या दुपारी परत आभाळ आलं. पानांवर डावणीचे डाग दिसत होते. सुतक असलं तरी बाग थांबणार नव्हती. बाळूने ट्रॅक्टर काढला. उघड्या तोंडाने. मी रांगेच्या तोंडाशी उभा होतो, उस्ताद पडले तिथे. मी जीव तोडून ओरडलो.

"गॅस! गॅस! गॅस!"

बाळूने इंजिन बंद केलं. माझ्याकडे बघत राहिला. मग सीटखालून तो मास्क काढला. श्वास रोखला, डोळे मिटले, मास्क चढवला, पट्टा ओढला, जोरात फुंकर मारली. उस्तादांनी शिकवलेली एकही पायरी चुकला नाही. सगळं पाठ होतं त्याला.

पट्टा ओढून झाल्यावर त्याचा उजवा हात मांडीवर पडून होता. अंगठा बोटावर फिरत होता.

रडत होता, म्हणून असेल. त्याने इंजिन चालू केलं. मी सावधान झालो, त्या अँगलकडे तोंड करून सॅल्यूट मारला. हवालदार दौलतराव, माझे उस्ताद.