पेव कुणाचं

सतरा सप्टेंबरला झेंडावंदन झालं की शंभरीला टेकलेले हिंमतराव शाळेत सांगायचे, "निजामाचे पोलीस हुडकत होते, तवा म्या तीन दिवस ज्वारीच्या रिकाम्या पेवात दडलो." पेव कुणाचं, ते मात्र कधी सांगत नसत. ते कासीमभाईंचं होतं. निजाम गेल्यावर जमावानं कासीमभाईंचं घर पेटवलं, तेव्हा हिंमतराव दार लावून घरात बसले होते.

यंदा कासीमभाईंची लेक ताहेराबी समोरच बसलेली. हिंमतरावांची मान वर होईना.

"पेव कासीमभाईचं होतं," ते कसंबसं बोलले.

"ते मला ठाव हाय, हिंमतदादा," ताहेराबी म्हणाली. "त्या दिशी तुमी भाईर का न्हाय आलात, ते सांगा."

"भ्यालो, बाई. निजामाला भ्यालो न्हाय, तेवढा आपल्याच माणसांना भ्यालो."