गजूचं चिलखत अन् सलीमचा बॅलन्स

कुठल्याबी अड्ड्यावर तीच ती माणसं दर रविवारी बसली की किस्से आपोआप साठतात. आमचे तर इतके झालेत, की सांगायला बसलं की कुठून धरावं तेच कळत न्हाई. त्यात यंदा आमचा गजू पाय मोडून खाटेवर पडला. डॉक्टर म्हणले हाड जुळलं, आता चाल. अन् हा गडी पाय जमिनीला लावायला तयार नव्हता! त्याला हसवायला म्हणून आम्ही हेच किस्से पुन्हा पुन्हा काढत होतो. तुम्ही बी ऐका.

अड्डा म्हणजे जाफराबादला सलीमच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाची मागची खोली. तिथं आम्ही एक खेळ खेळतो. मी गोष्ट सांगतो, म्हणजे जंगल, किल्ला, राक्षस. बाकीचे त्यातले वीर होतात, अन् कुणाचा वार लागला, कुणाचा हुकला ते फासे ठरवतात. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो, म्हणून गोष्ट सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खेळणारे तिघं. सलीम, मेडिकल चालवणाऱ्या मनीषाताई, अन् केदारखेड्याहून फटफटीवर येणारा गजू, कापूस-सोयाबीनवाला.

भांडण एकच, चिलखताचं. जेवढं जाड चिलखत, तेवढा बचावाचा आकडा मोठा. गजू म्हणतो, "नियम खऱ्यासारखे पाहिजेत." सलीम म्हणतो, "खऱ्याला काय चाटायचंय? खेळात बॅलन्स पाहिजे. हरेकाला जिंकायचा चान्स बराबर!"

अन् मी मधे. सँडविच म्हणा की मला!

*

एकदा मे महिन्यात खेळत होतो. पंखा गरम हवा फेकून राह्यला होता. गजू एकदम म्हणला, "सर, उन्हात लोखंड घालून कोण फिरतं? ट्रॅक्टरची सीट तापली तर आपल्याला टेकवत न्हाई!"

पटलं. नियम केला, भर दुपारी चिलखत घातलं की जीव कमी होत जाणार. तिघा वीरांनी लगेच चिलखतं उतरवली अन् बनियनवर चिंचेखाली बसले. मला चान्सच मिळाला. मी राक्षस सोडला.

सलीम ओरडला, "अरे, राक्षसाला ऊन न्हाई का? त्याची कातडी तर चिलखताहून जाड!"

गजूनं विचार केला. खोटं बोलणं त्याच्या रक्तात न्हाई. म्हणला, "लागतं. त्याला तर जास्ती लागतं."

मंग काय! राक्षस बी त्याच चिंचेखाली येऊन बसला. मी म्हणलं, आता पुढं काय? मनीषाताई म्हणल्या, "ऊन उतरू द्या, मंग लढू. तोवर त्याला पाणी विचारा."

*

सलीमचं म्हणणं, जड चिलखतवाला हळू पळाला पाहिजे, न्हाईतर सगळेच लोखंड घालतील. गजू म्हणला, "वजन अंगावर नीट बसलं की जाणवत न्हाई. दाखवू का?"

गजूनं फवारणीचा पंप पाण्यानं काठोकाठ भरला अन् पाठीवर घेतला. सलीम रिकामा. दुकानापासून एसटी स्टँडपर्यंत शर्यत!

अर्ध्या रस्त्यापर्यंत गजू पुढं. खरंच पुढं! तेवढ्यात रसवंतीपाशी एका काकांनी आडवा हात घातला. "का रे गजू, एवढ्या घाईनं? कापसावर काय मारून राह्यला?" अन् गजू थांबला. काकांना औषध सांगितलं, प्रमाण सांगितलं, वारं पडल्यावर मारा म्हणला. काकांनी मंग स्वतःच्या बोंडअळीचं सगळं सांगितलं. तोवर सलीम स्टँडवर अर्धा चहा पिऊन झाला होता.

गजू घाम पुसत आला. "मी वजनानं न्हाई हरलो. काकानं हरलो."

"मंग तोच नियम!" सलीम म्हणला. तेव्हापासून आमच्या खेळात चिलखत घालून गावातून निघालं की वेग अर्धा. लोक विचारपूस करतात म्हणून. गजूचं खरं बी राहिलं अन् सलीमचा बॅलन्स बी.

*

मंग गजूनं काढलं, की चिलखताचे पट्टे एकट्याला बांधता येत न्हाईत, त्याला टाइम लागतो. झोपेत हल्ला झाला की मेलात!

मनीषाताईंनी फासे खाली ठेवले. "गजूभाऊ, मी लग्नघरी पोरीची वेणी घालता घालता, फोनवर बोलत, नऊवारी नेसते. माझं चिलखत चढलं. पुढं चला."

नियम झाला, बाईनं एका दमात चिलखत घालायचं.

"हे बॅलन्समधी बसत न्हाई!" सलीम उखडला. "मंग मी बी बाई होतो!" अन् झाला. शमशादबी नावाची तलवारवाली. तेवढ्यात सलीमची बायको, आमच्या भाभी, चहा घेऊन आल्या. त्यांनी दारातूनच सगळं ऐकलं होतं. "घर में एक बटन नै टाँकते, अन् इधर आके औरत बनके बैठे!"

*

आता हसू नका, हा किस्सा वेगळा आहे. गजूचा एक वीर होता, रानबा. दोन वर्षं त्यानं तो जिवापाड सांभाळला. एका लढाईत रानबाला जवळून बाण लागला. सलीमच्या नियमानं तो वाचत होता. आम्ही सगळे म्हणलं, वाचला, वाचला!

गजू म्हणला, "न्हाई. एवढ्या जवळून बाण आरपार जातो. गेला तो."

स्वतःचा वीर स्वतः मारला पठ्ठ्यानं! दोन आठवड्यांनी डब्यात लाडू घेऊन आला. "रानबाच्या तेराव्याचं गोड आहे. खा." आम्ही खाल्ले. मनीषाताईंनी तर डोळे पुसले, उगाच कशाला लपवू?

*

असा हा माणूस. पेरणीच्या दिवसांत ट्रॉलीवरून घसरला अन् मांडीचं हाड मोडलं. जालन्याला ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी बसवली. सलीम म्हणला, "घे! आता चिलखत आतूनच!" गजू हसला न्हाई. "मोडलं ते मोडलं, सलीम. त्याच्यावर भार टाकला की पुन्हा जाणार."

डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं, पट्टी भक्कम आहे. पण आता उभा राहिला न्हाई तर गुडघा आखडंल, मंग जन्माचं लंगडणं. त्याच्या बायकोनं, रेखावहिनींनी, हात जोडले. पोरीनं रडून पाहिलं. वॉकर आणला, तर त्याच्यावर टॉवेल वाळत पडले. खरं सांगतो, आम्हाला भीती वाटायला लागली होती.

आम्ही अड्डाच केदारखेड्याला हलवला. जीपनं जायचं, त्याच्या खाटेपाशी खेळायचं. दोन रविवार तो पडल्या पडल्या खेळला.

तिसऱ्या रविवारी सलीम आला तो मार्कर घेऊनच. समोरच्या भिंतीवर बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यानं ते पालथं केलं अन् मोठ्या अक्षरात लिहिलं: लोखंडी चिलखत, बचाव दहा. खाली: सुती सदरा, बचाव दहा.

"हे काय?" गजू म्हणला.

"बॅलन्स. सगळे बराबर."

"सदऱ्याला दहा? तलवार लागल्यावर सदरा काय करणार रे? खोड ते!"

"न्हाई खोडत."

"सर, सांगा त्याला!"

मी मनीषाताईंकडं बघितलं. त्या म्हणल्या, "मला तर बराबर वाटतं. हलका बी आहे, धुवायला बी सोपा."

गजूचा चेहरा लाल. सलीम भिंतीकडं वळला अन् निवांत आणखी एक ओळ लिहिली. धोतर, बचाव बारा.

"बारा? अरे लोखंडापेक्षा जास्ती?"

"घोळदार असतं. तलवार अडकते."

"अडकते? अडकते म्हणे! आण तो मार्कर इकडं!"

"पाहिजे तर ये अन् घे."

खाट करकरली. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या अन् तिथंच थांबल्या. टॉवेल वॉकरवर तसेच होते. गजू भिंतीपाशी होता, एक हात भिंतीला, दोन्ही पाय फरशीवर. सलीमच्या हातातून मार्कर ओढून त्यानं बारा आकड्यावर जोरात काट मारली.



"धोतराला एक," गजू म्हणला. "ते बी ओलं असलं तरच!"